फोर्सकेज आणि त्याचे भाऊबंद: अतिप्रबळ मंत्र डावात कसे बसवावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रे रंगवत टेबलावर खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा, २०१४ च्या नियमांवर चालणारा एक डाव तेराव्या पातळीवर पोहोचला आहे. गटात एक विझार्ड (जादूगार), एक फायटर (तलवार चालवणारा), एक रोग (चपळ, लपून वार करणारा) आणि एक क्लेरिक (पुरोहित) आहे. विझार्डने फोर्सकेज हा मंत्र घेतल्यापासून प्रत्येक मोठा शत्रू पहिल्याच फेरीत पिंजऱ्यात जातो. त्याआधी वॉल ऑफ फोर्स आणि हिप्नॉटिक पॅटर्न हे मंत्र हेच काम करत होते. फायटर आणि रोग खेळणाऱ्या दोघांना आता आपण नुसते बघत बसलो आहोत असे वाटते. डीएमने (डन्जन मास्टर, म्हणजे डाव चालवणारा आणि शत्रूंच्या बाजूने खेळणारा) विचारले आहे की या मंत्रांवर बंदी घालावी, त्यांची ताकद कमी करावी, की शत्रूच आणखी बळकट करावेत.

या तिन्हींपैकी कोणताही उपाय सरसकट लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बंदी घातली की ज्या खेळाडूने बारा पातळ्या वाट पाहून तो मंत्र मिळवला त्याच्यावर अन्याय होतो. शत्रूंचे हिट पॉइंट (किती इजा सोसता येईल तो आकडा) वाढवले तर पिंजऱ्यातला शत्रू अधिक वेळ पिंजऱ्यात राहतो एवढेच घडते, आणि फायटरचे काम मात्र दुप्पट होते. ताकद कमी करायची तर ती नेमकी कोणत्या जागी, हे ठरवावे लागते, आणि बहुतेक डीएम तिथेच चुकीच्या जागी हात घालतात. त्यांची नजर फाशांच्या संख्येवर जाते. डाव बिघडवणारे मंत्र मात्र बहुधा फासे टाकतच नाहीत. ते समोरच्याची पाळी काढून घेतात.

फायरबॉलचे उदाहरण घेऊन हे तपासता येईल. आगीचा गोळा फेकणारा, तिसऱ्या पातळीचा (मंत्रांच्या पातळ्या पात्रांच्या पातळ्यांहून वेगळ्या असतात) हा मंत्र सहा बाजूंचे ८ फासे, म्हणजे सरासरी २८ इजा करतो, आणि सेव्ह (मंत्रातून वाचण्यासाठी समोरच्याने टाकायचा फासा) साधल्यास निम्मी. २०१४ च्या 'डन्जन मास्टर्स गाइड'मध्ये नवे मंत्र रचण्यासाठी जो तक्ता दिला आहे, त्यात तिसऱ्या पातळीच्या आणि अनेकांना लागणाऱ्या मंत्रासाठी सहाच फासे सुचवले आहेत. ८ फासे त्या तक्त्यात पाचव्या पातळीला येतात. म्हणजे पुस्तकाच्या स्वतःच्या मापाने फायरबॉल अधिक जोरदार आहे. तरीही फायरबॉलमुळे कोणाचा डाव मोडला असे मला फारसे ऐकायला मिळालेले नाही, कारण ५९ हिट पॉइंटचा ओगर हा दांडगा शत्रू २८ इजा सोसूनही आपल्या पाळीला तितक्याच जोराने सोटा हाणतो. आता पाचव्या पातळीच्या विझार्डने, सेव्ह डीसी (सेव्ह साधायला गाठावा लागणारा आकडा) १५ धरून, चार ओगरांवर हिप्नॉटिक पॅटर्न टाकला असे समजा. ओगरची विझ्डम सेव्ह उणे २ असते, म्हणून त्याला वीस बाजूंच्या फाशावर १७ किंवा अधिक लागतात. प्रत्येक ओगर ८० टक्के वेळा फसतो, आणि चारपैकी सरासरी तीन ओगर एकही हिट पॉइंट न गमावता लढाईबाहेर जातात. स्लॉट (मंत्र टाकण्याची दिवसातली मोजकी संधी) तोच, पातळी तीच, पण परिणामात जमीनअस्मानाचा फरक.

म्हणून एखादा मंत्र माझ्यासमोर तक्रार घेऊन आला की मी त्याला काही प्रश्न विचारतो. समोरच्याला सेव्ह आहे का, आणि एकदा फसल्यावर पुन्हा संधी आहे का? मंत्र टिकवण्यासाठी टाकणाऱ्याला कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच मंत्रावर ठेवता येणारे लक्ष) धरावे लागते का, म्हणजे त्याला मारून तो तोडता येतो का? फसलेल्याला किंवा त्याच्या साथीदाराला आपली पाळी खर्चून काही उत्तर देता येते का? आणि मंत्राची किंमत प्रत्येक वेळी द्यावी लागते का? या सगळ्यांना 'नाही' असे उत्तर येणारा मंत्र दुरुस्त करावाच लागतो. एखाद्या प्रश्नाला तरी 'होय' येत असेल, तर नियमाला हात लावण्याआधी तो नियम टेबलावर नीट पाळला जातो आहे का, हे पाहावे.

यातली शेवटची गोष्ट रुक्ष वाटली तरी तिथूनच सुरुवात करावी, कारण मंत्राचा मजकूर शेवटपर्यंत न वाचल्यामुळे होणाऱ्या तक्रारी फार असतात. हिप्नॉटिक पॅटर्न फक्त पाहणाऱ्यावर चालतो. ज्याला मोहिनी लागू होत नाही त्याच्यावर तो चालत नाही, इजा झाली की तो सुटतो, आणि कोणीही साथीदार आपली ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) खर्चून फसलेल्याला गदागदा हलवून जागे करू शकतो. प्राणी बोलावणाऱ्या कॉन्ज्युर ॲनिमल्समध्ये किती प्राणी हवेत ते खेळाडू निवडतो, पण नेमके कोणते प्राणी यावेत हे ठरवण्याचा अधिकार डीएमचा आहे. फोर्सकेजचे दोन प्रकार आहेत: २० फुटी बाजूंचा गजांचा पिंजरा आणि १० फुटी बाजूंची बंद पेटी. पेटीतून मंत्र आत-बाहेर जात नाहीत, पण १५ फूट जागा व्यापणारा ह्यूज आकाराचा शत्रू त्या पेटीत मावतच नाही. जो पुरता आत मावत नाही तो बाहेर ढकलला जातो. समोरच्याचा मंत्र हाणून पाडणारा काउंटरस्पेल टाकायचा तर तो समोरचा ६० फुटांच्या आत आणि नजरेसमोर असावा लागतो. हे चारही नियम काटेकोर पाळले तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

त्याच्या जोडीने दिवसाचे गणित पाहावे. २०१४ च्या 'डन्जन मास्टर्स गाइड'ने एका साहसी दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी गृहीत धरल्या आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ खेळणाऱ्या नोकरदार मंडळींच्या टेबलावर, पुण्यात काय आणि न्यू जर्सीत काय, एका सत्रात एकच मोठी लढाई होते आणि तिच्यानंतर सगळेजण आपापली पात्रे झोपवतात. तेराव्या पातळीच्या विझार्डकडे पहिल्या पातळीपासून सातव्यापर्यंत ४, ३, ३, ३, २, १, १ असे एकूण १७ स्लॉट असतात, आणि लढाई चार फेऱ्यांची असेल तर त्याला फक्त सर्वांत वरचे चारच पुरतात. फायटरची तलवार पहिल्या लढाईतही तितकीच चालते आणि सातव्या लढाईतही, हे त्याचे खरे बळ. सातवी लढाई कधी आलीच नाही तर ते बळ कागदावरच राहते. तेव्हा सत्र संपले म्हणून दीर्घ विश्रांती (जिच्यात स्लॉट परत मिळतात) मिळते, ही सवय आधी मोडावी. दोन-तीन सत्रे मिळून एक दिवस धरावा. राजदरबाराची किंवा लांब प्रवासाची कथा असेल तर गाइडमध्येच दिलेला पर्यायी नियम लावावा, ज्यात छोटी विश्रांती आठ तासांची आणि मोठी सात दिवसांची होते. या एका बदलाने पहिल्या पातळीच्या शील्डपासून सातव्या पातळीच्या फोर्सकेजपर्यंत प्रत्येक मंत्राची किंमत आपोआप वाढते आणि एकाही मंत्राचा शब्द बदलावा लागत नाही.

एवढे करूनही फोर्सकेज उरतो. तो खरोखरच सदोष आहे, आणि २०१४ च्या मजकुरात वरच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांना त्याचे उत्तर 'नाही' असेच आहे. पकडले जाताना सेव्ह नाही. कॉन्सन्ट्रेशन नाही. मुदत एक तास. मंत्र मोडणाऱ्या डिस्पेल मॅजिकने तो जात नाही. टेलिपोर्ट करून बाहेर पडू पाहणाऱ्याला करिझ्मा सेव्ह साधावी लागते, आणि ज्याच्याकडे टेलिपोर्टच नाही त्याला तेवढेही नाही. दीड हजार सोन्याच्या नाण्यांची माणिकांची भुकटी लागते खरी, पण ती खर्च होत नाही. एकदा घेतली की जन्मभर पुरते. मोठ्या शत्रूंना दिवसातून तीनदा फसलेली सेव्ह साधल्याचे जाहीर करू देणारी लेजंडरी रेझिस्टन्स नेमकी अशा प्रसंगासाठी असते, पण इथे सेव्हच नसल्यामुळे ती सोय निरुपयोगी ठरते. कबड्डीत चढाई करणाऱ्याला मध्यरेषेकडे झेप घेण्याची मुभाच नसावी, तसे हे होते.

याचा सर्वांत वाईट उपयोग जवळून पाहण्यासारखा आहे. विझार्ड पहिल्या फेरीत गजांचा पिंजरा उभा करतो आणि दुसऱ्या फेरीत त्यावर सिकनिंग रेडिअन्स हा चौथ्या पातळीचा मंत्र टाकतो. फोर्सकेजला कॉन्सन्ट्रेशन लागत नसल्याने ते या दुसऱ्या मंत्रासाठी मोकळे असते. एकटा विझार्ड हे दोन्ही करू शकतो. गजांमधून प्रकाश आत जातो. आतल्या शत्रूला प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा चिवटपणा) सेव्ह करावी लागते. फसला तर सरासरी २२ इजा आणि थकव्याची एक पायरी. थकव्याच्या सहाव्या पायरीला मृत्यू येतो, मग हिट पॉइंट कितीही असोत. विझार्डचा डीसी १८ आणि शत्रूची कॉन्स्टिट्यूशन सेव्ह अधिक ७ धरली तर तो निम्म्या वेळा फसतो, म्हणजे पहिल्या तीन पायऱ्यांना सरासरी सहा फेऱ्या लागतात. तिसऱ्या पायरीवर त्याला सर्व सेव्ह दोन फासे टाकून त्यांतला कमी आकडा धरून कराव्या लागतात. मग तो चारपैकी तीन वेळा फसतो आणि उरलेल्या तीन पायऱ्या चार फेऱ्यांत संपतात. एकूण सुमारे दहा फेऱ्या, म्हणजे खेळातले एक मिनिट. सिकनिंग रेडिअन्स दहा मिनिटे टिकतो. लेजंडरी रेझिस्टन्स वापरून शत्रू फार तर तीन-चार फेऱ्या लांबवेल. त्या सगळ्या वेळात फायटर आणि रोग यांना करण्यासारखे काही उरत नाही, आणि खेळाडूंची तक्रार खरी आहे असे मी म्हणतो ते यामुळे.

दुरुस्ती सोपी आहे, आणि प्रकाशकांनीच २०२४ च्या सुधारित नियमांत ती केली आहे: फोर्सकेजला कॉन्सन्ट्रेशन लागू झाले आणि माणिकांची भुकटी प्रत्येक वेळी खर्च होऊ लागली. बाकीचे नियम २०१४ चेच ठेवले तरी हा मजकूर तेवढा उचलून घ्यावा, असा माझा सल्ला आहे. सेव्ह नाही हे तसेच राहू द्यावे. सातव्या पातळीचा एकुलता एक स्लॉट खर्चून पकड हमखास बसावी, ही अपेक्षा रास्त आहे, आणि एकाच मंत्रावर एकाच वेळी चार निर्बंध लादले की तो मंत्र कोणीच घेत नाही.

कॉन्सन्ट्रेशन आल्यावर टेबलावर काय बदलते ते पाहा. सिकनिंग रेडिअन्सशी जोड एकट्याने जमत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पिंजऱ्याबाहेर उरलेल्या शत्रूंना आता एक स्पष्ट लक्ष्य मिळते: विझार्ड. त्याला एका फटक्यात ३० इजा झाली तर डीसी १५ ची सेव्ह करावी लागते, आणि कॉन्स्टिट्यूशन सेव्ह अधिक २ असलेला विझार्ड ती १०० पैकी ४० वेळाच साधतो. म्हणजे विझार्डपर्यंत कोणी पोहोचू नये ही फायटरची जबाबदारी होते. गच्चीवरच्या धनुर्धाऱ्याला गाठणे हे रोगचे काम होते, आणि क्लेरिकने सेव्हला बळ देणारा ब्लेस टाकून तो पिंजरा टिकवण्यास हातभार लावावा असा प्रसंग येतो. मंत्र तितकाच प्रबळ राहतो, फक्त तो उभा राहण्यासाठी चौघांचे हात लागतात. अमुक मंत्र संतुलित आहे की नाही हे मी याच कसोटीवर ठरवतो, आणि इजेच्या तक्त्यापेक्षा मला ती अधिक भरवशाची वाटते. अर्थात यासाठी डीएमने प्रत्येक मोठ्या शत्रूला साथीदार द्यायला हवेत. एकटा शत्रू रिकाम्या दालनात उभा केला तर कोणताही नियम त्याला वाचवणार नाही.

वॉल ऑफ फोर्सला कॉन्सन्ट्रेशन आधीपासून आहे, पण सेव्ह नाही. ही भिंत डिस्पेल मॅजिकने जात नाही. डिसइंटिग्रेटने मात्र तत्काळ नष्ट होते. सपाट भिंत उभारून रणभूमीचे दोन तुकडे करणे हा या मंत्राचा उत्तम उपयोग आहे आणि त्याला धक्का लावण्याचे कारण नाही. अडचण येते ती घुमट करून शत्रूला आत कोंडण्याची. यासाठी नवा नियम शोधण्याचीही गरज नाही, कारण शेजारच्याच मंत्रात तो लिहिलेला आहे. वॉल ऑफ स्टोन हाही पाचव्याच पातळीचा. त्यात एखादा चहूबाजूंनी कोंडला जाणार असेल तर त्याला डेक्स्टेरिटी सेव्ह मिळते आणि ती साधल्यास तो रिअॅक्शन (आपल्या पाळीबाहेरही करता येणारी झटपट कृती) वापरून आपल्या वेगाइतके अंतर धावत बाहेर पडू शकतो. हेच वाक्य वॉल ऑफ फोर्सच्या घुमटालाही लावावे. चपळ शत्रू निसटेल, अवजड शत्रू अडकेल, लेजंडरी रेझिस्टन्सला पुन्हा अर्थ येईल, आणि खेळाडूलाही हा बदल पटवून देता येईल, कारण तो डीएमच्या लहरीतून आलेला नसून पुस्तकातल्याच मापाने आलेला आहे. घरचा नियम करताना शक्यतो असा जोडीदार मंत्र शोधावा. होल्ड पर्सनला दर पाळीला पुन्हा सेव्ह आहे, स्लोला आहे. ज्या मंत्राला नाही त्याला ती देताना हे दाखले हाताशी असतात.

हिप्नॉटिक पॅटर्नबाबत मात्र मी नियम बदलू नये असे म्हणेन. ओगरांचे उदाहरण मी वर मुद्दाम दिले. तो आकडा भयंकर दिसतो, पण त्या मंत्राला उत्तर आहे आणि ते शत्रूच्या हातात आहे. सगळे शत्रू ३० फुटी चौकोनात दाटीवाटीने उभे राहिले तर दोष मंत्राचा नाही. दोघे पुढे, दोघे मागे, एक उंचावर अशी मांडणी केली की दोन-तीनच फसतात, आणि उरलेल्यांपैकी एखादा आपली पाळी खर्चून दुसऱ्याला हलवून जागे करतो. विझार्डला आपला मंत्र लागल्याचे समाधान मिळते, शत्रूंच्या दोन पाळ्या वाया जातात आणि लढाई शिल्लक राहते. अर्थात हिंस्र जनावरे किंवा बुद्धिहीन झाँबी असे एकमेकांना हलवणार नाहीत; तिथे विझार्डला पूर्ण फायदा घेऊ द्यावा.

याच ओघात राक्षसाचा उल्लेख करतो. आपल्या पुराणकथांतला राक्षस १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'पासून या खेळात आहे, आणि २०१४ च्या नियमांत त्याची इच्छा नसेल तर सहाव्या किंवा त्याखालच्या पातळीचा कोणताही मंत्र त्याच्यावर चालत नाही. त्याची काठिण्यपातळी १३ आहे, म्हणजे प्रश्नातल्या गटासाठी तो अगदी योग्य मापाचा. सत्प्रवृत्त योद्ध्याच्या हातातल्या, टोकाने भोसकणाऱ्या जादुई शस्त्राने त्याला दुप्पट इजा होते, त्यामुळे रोगच्या हातात एखादे जादुई खंजीर असेल तर ती संध्याकाळ त्याची. असा शत्रू एखाद्या वेळी जरूर आणावा. पण विझार्ड जड होतो म्हणून दर आठवड्याला मंत्रप्रूफ शत्रू आणणे हा उपाय नव्हे. त्यात तक्रार फक्त एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर जाते, आणि विझार्ड खेळणाऱ्याला आपल्याला शिक्षा होते आहे हे लगेच कळते.

पहिल्या पातळीच्या मंत्रांकडे दुर्लक्ष करू नये. तेराव्या पातळीवर पहिल्या पातळीचे चार स्लॉट म्हणजे खिशातली चिल्लर असते, पण शील्ड आर्मर क्लासमध्ये (हल्ला लागण्यासाठी शत्रूने गाठायचा आकडा) जे ५ वाढवतो ते पहिल्या पातळीवरही ५ आणि तेराव्यावरही ५. शत्रूचा हल्ला अधिक ७ आणि विझार्डचा आर्मर क्लास १८ असेल तर निम्मे हल्ले लागतात. शील्डनंतर पुढची पाळी येईपर्यंत पावच. झगा घालून फिरणाऱ्या विझार्डला मी हे खुशाल देतो, कारण त्याचा आर्मर क्लास मुळातच कमी असतो. चिलखत आणि ढाल घेतलेल्या विझार्डसाठी मात्र, हातात खरी ढाल असताना शील्ड मंत्र चालणार नाही, असा नियम करावा. २०२१ मध्ये आलेला सिल्व्हरी बार्ब्स हा मंत्र मी माझ्या टेबलावर घेऊ देत नाही. शत्रूने साधलेली सेव्ह तो पुन्हा टाकायला लावतो. निम्मी शक्यता असलेली सेव्ह त्यामुळे चतुर्थांशावर येते, आणि वर साथीदाराला एका फाशाचा लाभही मिळतो. पहिल्या पातळीच्या स्लॉटने सातव्या पातळीच्या मंत्राला दुसरी संधी विकत घेता येणे हे किमतीच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही. बंदी हा शेवटचा उपाय आहे, आणि मी ती इथे वापरतो.

काही मंत्रांची ताकद तितकीशी खुपत नाही, त्यांनी खाल्लेला वेळ खुपतो. कॉन्ज्युर ॲनिमल्सने आठ लांडगे आले की प्रत्येकाचा हल्ला, आणि साथीदार जवळ असल्यामुळे प्रत्येकी दोन फासे: एका खेळाडूच्या पाळीला सोळा फासे पडतात आणि बाकीचे फोनकडे वळतात. २०२४ च्या नियमांत हा मंत्र प्राण्यांच्या आत्म्यांच्या एका फिरत्या कळपात बदलला आहे, जो जवळ येणाऱ्याला एका पाळीत एकदाच इजा करतो. जुन्या पुस्तकांतच राहायचे असेल तर २०२० पासून उपलब्ध असलेला समन बीस्ट वापरावा, ज्यात एकच प्राणी आणि एकच तक्ता असतो. पण सुधारित नियम म्हणजे सर्वत्र सुधारणाच, असेही समजू नये. २०२४ च्या कॉन्ज्युर मायनर एलिमेंटल्समध्ये प्रत्येक लागलेल्या हल्ल्याला आठ बाजूंचे २ फासे वाढत होते आणि स्लॉटच्या प्रत्येक वरच्या पातळीला आणखी २. नवव्या पातळीच्या स्लॉटला ते दर हल्ल्यामागे १२ फासे होत, आणि एका पाळीत अनेक हल्ले करणाऱ्याच्या हातात त्याचे काय होई ते सांगायला नको. पुढे शुद्धिपत्रात प्रत्येक पातळीची वाढ २ वरून १ वर आणली गेली. तुम्ही स्वतः कोणताही मंत्र बदलाल तेव्हा तो सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या स्लॉटने, आणि सर्वाधिक हल्ले करणाऱ्या पात्राच्या हातात, असा तिन्ही प्रकारे कागदावर चालवून पाहावा.

काउंटरस्पेलचा २०२४ चा मजकूर मी बिनशर्त स्वीकारला आहे. त्यात मंत्र टाकणाऱ्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह मिळते आणि मंत्र हाणून पाडला गेला तरी स्लॉट वाया जात नाही. डीएमच्या एका शब्दाने खेळाडूचा सातव्या पातळीचा एकमेव स्लॉट मातीत जाणे यापेक्षा मन खट्टू करणारे फार थोडे असते.

आता हे बदल खेळाडूंपुढे कसे ठेवावेत. लढाईच्या मध्यावर, मंत्र टाकल्यानंतर, 'आजपासून हा असा चालणार नाही' असे कधीही म्हणू नये. ज्या सत्रात अडचण दिसली ते सत्र जुन्या नियमाने पूर्ण करावे, विझार्डचा तो विजय त्याला मिळू द्यावा, आणि दोन सत्रांच्या मधल्या दिवसांत बदललेला मजकूर लेखी पाठवावा. विझार्ड खेळणाऱ्याशी गटाआधी एकट्याने बोलावे. बहुतेक वेळा त्यालाही आपल्या सोबत्यांचे कंटाळलेले चेहरे दिसलेले असतात, आणि उपाय सुचवण्यात तोच पुढाकार घेतो. मजकूर बदललेला मंत्र नको असेल तर त्याच पातळीचा दुसरा कोणताही मंत्र विनामूल्य घेण्याची मुभा त्याला द्यावी. फोर्सकेजची भुकटी यापुढे खर्च होणार असेल, तर ती कायमची पुरेल या भरवशावर त्याने ओतलेले सोने परत द्यावे. बदललेला नियम शत्रूंच्या मंत्रांनाही तसाच लागू झाला पाहिजे. एका वेळी एकच मंत्र बदलावा. तीन एकदम बदलले तर कशाने काय झाले हे कळत नाही.

लढाईबाहेरचे मंत्र, म्हणजे टेलिपोर्ट, स्क्राइंग, झोन ऑफ ट्रुथ यांसारखे, या यादीत मी घेत नाही. तेराव्या पातळीच्या पात्रांना सात दिवसांची पायपीट करायला लावण्याचा हट्ट डीएमने सोडावा आणि टेलिपोर्ट येतो म्हणूनच शक्य होणाऱ्या कथा मांडाव्यात. अपवाद एकच: कथा मुळातच भूक, थंडी आणि वाटचाल यांची असेल, तर दहा बोरांत दहा जणांची दिवसभराची भूक भागवणारा गुडबेरी त्या कथेचा कणाच काढून घेतो. अशा कॅम्पेनमध्ये तो नसेल, हे पात्रे तयार होण्याआधीच सांगून ठेवावे.

प्रश्नातला गट आणखी चार पातळ्या चढला की विझार्डच्या हाती इतर मंत्रांचे काम करू शकणारा विश हा मंत्र येईल, म्हणून एक निर्णय आजच घेऊन ठेवावा. सिम्युलाक्रम हा सातव्या पातळीचा मंत्र बारा तास आणि दीड हजार नाण्यांची माणिके खाऊन विझार्डची बर्फाची प्रतिकृती तयार करतो. २०१४ च्या मजकुरात त्या प्रतिकृतीने स्वतःच्या विशद्वारे पुन्हा सिम्युलाक्रम टाकण्याला काही अटकाव नाही; वेळ आणि खर्च दोन्ही टळतात, आणि प्रतिकृतींची साखळी हवी तेवढी लांबवता येते. २०२४ मध्ये प्रतिकृतीला हा मंत्र टाकता येणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. ते वाक्य तुमच्या गटाच्या नियमांत आत्ता, कोणाकडेही विश नसताना घालावे. आज त्यावर कोणाचाही आक्षेप येणार नाही; सतराव्या पातळीवर तेच वाक्य घालायचे म्हटले तर ते एका खेळाडूच्या विरोधात घातल्यासारखे होईल.